नक्षी शाबूत, टायर बाद: पुणे ते नागपूर, समृद्धीमार्गे

मे महिन्यात बाबांना घेऊन नागपूरला मावशीकडे गेलो. गाडी बाबांची, २०१५ची, पण फिरलेली जेमतेम २८,००० किलोमीटर. निघण्याआधी टायर बदलू म्हटलं, तर बाबा म्हणाले, "नक्षी बघ की! गोटा झालेत का?" झाले नव्हते. खाचांमधल्या १.६ मिलिमीटरच्या खुणांपर्यंत झीज पोचलीच नव्हती. मीही गप्प बसलो.

अहिल्यानगर सुटलं आणि नव्वदच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. बाबांचं निदान, बॅलन्सिंग. समृद्धीला लागण्याआधी संभाजीनगरात एका टायरवाल्याकडे थांबलो. त्याने पुढचं डावं चाक काढून उलटं केलं. आतल्या कडेला लिंबाएवढा फुगा! मग दुसऱ्या टायरची कड अंगठ्याने दाबली, तशा केसाएवढ्या भेगा उघडल्या. "काका, हे चालून नाही, उभे राहून गेलेत."

ऊन, उष्णता आणि ओझोन यांनी रबर कडक होत जातं. त्याला जपणारं मेण रबरात मिसळलेलं असतं, पण टायर फिरत राहिला तरच ते नीट वर येतं. म्हणजे जपून ठेवलेल्या गाडीचीच पंचाईत.

टायरच्या कडेवर 'डॉट' अक्षरांच्या ओळीत शेवटचे चार आकडे बघा. आमच्यावर १९१५ होतं. बाबा दचकले, "१९१५ साल?" नाही, २०१५चा एकोणिसावा आठवडा. हे आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात, आतल्या बाजूला असले तर गाडीखाली डोकं घालावं लागतं. बऱ्याच कंपन्यांचा सल्ला असा: पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या, दहा झाली की नक्षी कशीही असो, बदला. उन्हात उभ्या असलेल्या गाडीला मी तरी दहाची वाट बघणार नाही.

चारही बदलले, साधारण पंधरा हजार गेले. दुकानदाराने आधी काढलेले 'नवे' टायर तीन वर्षांपूर्वीचे निघाले. मागितल्यावर चार महिन्यांपूर्वीचे आले. तेव्हा पैसे देण्याआधी तारीख वाचा.

पुढे सावंगीहून समृद्धी. कारला १२०ची मर्यादा आहे, आम्ही शंभरवर होतो. दुपारी काँक्रीट तापलेलं, तासन् तास एकाच वेगाने धाव. फुग्याचा टायर इथे किती टिकला असता कोण जाणे. २०२३ मध्ये आरटीओने या रस्त्यावर टायर तपासले होते. नुसती नक्षी बघितली असती तर आमचे पास झाले असते.

हवा सकाळी, टायर गार असताना, दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे भरा. वाटेत टायर तापून आकडा वाढला म्हणून हवा सोडू नका. मेहकरला उतरून लोणार जरूर करा, मात्र पाणी सोबत ठेवा.

आणि स्टेपनी! ती संभाजीनगरात विसरलोच. नागपुरात डिकी उपसली तर कोरी करकरीत, नक्षीवरचे रबराचे केससुद्धा शाबूत, आणि कडेवर तेच १९१५. परतीच्या आदल्या दिवशी तीही बदलली. या वेळी बाबा काही बोलले नाहीत.