करंगळी सोडून बाकीची बोटं

रात्री दोन-अडीचला उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग यायची. उठून बसायचं, हात खाली सोडून झटकायचा, जरा बरं वाटलं की पुन्हा आडवं व्हायचं. दिवसा ब्लाऊजला हुक लावताना हुक चिमटीत आहे की पडला, ते बघितल्यावरच कळायचं. मी 24 वर्षं सांगलीत शिवणकाम करते. हातातली टाचणी हाताला कळू नये, याची फार भीती वाटायला लागली.

पहिल्या दवाखान्यात मानेचा एक्स-रे काढला, मणक्यांची झीज आहे म्हणाले आणि गळ्यात पट्टा दिला. सहा महिने तो घातला, फरक काडीचा नाही. त्या सहा महिन्यांचा मला आजही राग येतो. कारण दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "ताई, करंगळीला मुंग्या येतात का?"

नाही. कधीच नाही. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि त्याच्याकडची अर्धी अनामिका, एवढंच. मनगटात हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामधून अरुंद बोगदा जातो. त्यातून बोटं वाकवणाऱ्या 9 कंडरा आणि मीडियन नर्व्ह, म्हणजे या साडेतीन बोटांची नस, एकत्र जातात. आत सूज आली की नस दबते, यालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. करंगळीची नस त्या बोगद्यातून जातच नाही, म्हणून ती वाचते. दोन्ही मनगटं खाली वाकवून मिनिटभर धरायला लावली, तर मिनिट व्हायच्या आतच मुंग्या. मग एन.सी.व्ही. केली. विजेचे बारीक झटके देऊन नसेचा वेग मोजतात, सोसवतं. उजवा हात 'मध्यम', डावा 'सौम्य'. मला साखर आहे, तिच्यामुळेही हा त्रास होतो म्हणाले. थायरॉइड तपासली, ती ठीक निघाली.

आधी दीड महिना रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधला. डाव्या हाताला तेवढ्यावर भागलं, उजव्याला नाही. मग इंजेक्शन ठरलं.

स्टेरॉइड म्हटल्यावर नणंदबाई घाबरल्या, "अंग सुजतं गं त्यानं." मी डॉक्टरांना सरळ विचारलं. महिनोन्महिने रोज घ्यायच्या गोळ्या वेगळ्या, हा एकदाच, त्या जागेपुरता 40 मिलिग्रॅमचा डोस वेगळा, असं त्यांनी समजावलं. साखर मात्र काही दिवस वाढेल, रोज तपासा, हे आधीच बजावलं.

तळहात वर करून हात टेबलावर ठेवला. अंगठा करंगळीला टेकवून मनगट जरा वाकवायला सांगितलं, तेव्हा मधोमध दोरीसारखी एक कंडरा वर आली. तिच्या बाजूला पेनानं खूण केली. "बोटात करंट गेल्यासारखं झालं तर लगेच सांगा, हात ओढू नका." नसेला सुई लागली तर तसं होतं, मग सुई मागे घ्यावी लागते. मला तसं झालं नाही. औषध आत जाताना मनगट फुगल्यासारखं, गच्च वाटलं, बस्स. भुलीच्या औषधानं बोटं दोन-तीन तास बधिर होती, म्हणून गाडी मुलीनं चालवली.

पहिल्या रात्री ठणका वाढला. उपाशीपोटीची साखर 130 च्या आसपास असते, ती दुसऱ्या दिवशी 212 झाली आणि पाचव्या दिवशी उतरली. चौथ्या रात्री मी सलग झोपले. सकाळी कपबशीचा आवाज आला तेव्हाच जाग आली.

हे सुख आठ महिने टिकलं. माघात मुंग्या परतल्या. आता अंगठ्याखालचा उंचवटाही किंचित बसलाय. पुन्हा एन.सी.व्ही. केली, वेग आणखी मंदावलाय. स्नायू बसायला लागल्यावर नुसतं इंजेक्शन घेत राहू नये, मनगटातला तो जाड पट्टा कापून नस मोकळी करायची, असं डॉक्टर म्हणाले आणि मला ते पटलं. पण इंजेक्शन वाया गेलं असं मी म्हणणार नाही. त्या आठ महिन्यांत मी झोपले, आणि मुलीच्या लग्नाचे सगळे ब्लाऊज माझ्या हातानं शिवले.

ऑपरेशन अक्षय तृतीयेनंतर आहे. घेतलेली कामं तोवर संपवायची, नवीन माप घेत नाहीये.