गाडीत पाणी शिरतंय कुठून?

मागच्या डाव्या सीटपुढचं फूटमॅट उचललं तर खालचं कार्पेट हाताला कोरडंच लागायचं. पण अंगठ्याने जोर देऊन दाबलं की बोटाभोवती पाणी वर यायचं. त्याआधीपासून गाडीत कुबट वास होता आणि सकाळी सगळ्या काचा आतून धुरकट झालेल्या असायच्या. वासासाठी लोक एअर फ्रेशनर टांगतात, काचांसाठी कापड ठेवतात. काचा रोज आतून ओलसर होत असतील तर आधी चारही कोपऱ्यांतलं कार्पेट दाबून बघा, एवढंच सांगेन.

गॅरेजवाल्यांना विचारलं. एक म्हणाला, दरवाजाचं बीडिंग, म्हणजे चौकटीच्या कडेचं रबर गेलंय, बदलून टाका. दुसरा पुढच्या काचेच्या कडेने सिलिकॉन मारून द्यायला तयार होता. कार्पेट उचलून बघायची तसदी मात्र दोघांनीही घेतली नाही. सिलिकॉनला मी ठाम नकार दिला. पुढची काच युरेथेनच्या सीलंटवर, म्हणजे काच चिकटवणाऱ्या खास लुकणावर बसवलेली असते. तिच्यावरून सिलिकॉन फासलं तर खरी गळती झाकली जाते आणि उद्या काच काढून बसवायची वेळ आली की त्या जागेवर युरेथेन धड चिकटत नाही. शिवाय व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं, त्याने पत्र्याला गंज चढतो.

मग ठरवलं, आपणच शोधू. पहिला प्रश्न, हे पाणी कसलं आहे? गाडीच्या आत येणारं पाणी पावसाचंच असतं असं नाही. एसीच्या कॉइलवर जमणारं पाणी एका नळीतून गाडीखाली पडतं. ती नळी तुंबली की तेच पाणी पुढच्या सीटच्या पायाशी येतं. हीटरची कॉइल गळत असेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव येतं. ते चिकट असतं, वास गोडसर येतो आणि काचेवर तेलकट थर बसतो. मागच्या काचेच्या वॉशरची नळी छतातून किंवा उंबऱ्याच्या बाजूने आतूनच गेलेली असते, ती सुटली तरी पाणी आतच. मी कार्पेटवर पांढरा टिश्यू दाबून पाहिला. रंग नाही, चिकटपणा नाही, वास फक्त ओल्या गोणपाटाचा. कोरड्या दिवशी एसी चालू ठेवून गाडी उभी केली, तर खाली व्यवस्थित थेंब पडत होते. वॉशर मारून पाहिला, काचेवर फवारा जोरात येत होता. म्हणजे पाणी पावसाचंच.

आता कार्पेट उचलायचं. दरवाजाच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी क्लिपांवर बसलेली असते, ती प्लॅस्टिकच्या चपट्या पट्टीने उचकटली. स्क्रूड्रायव्हरने ओरखडे उठतात. मागचं कार्पेट नीट वर यावं म्हणून पुढची सीट काढावी लागली. इथे एक सावधगिरी हवीच. सीटखाली एअरबॅगचे आणि सीटबेल्टचे कनेक्टर असतात, बहुधा पिवळ्या रंगाचे. आधी इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची, थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि मगच त्यांना हात लावायचा. कनेक्टर सुटलेला असताना इग्निशन दिलं तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो घालवायला स्कॅनर लावावा लागतो.

कार्पेटखाली जाड फोम असतो. हा फोम पाणी पितो आणि सोडत नाही. वरून पंखा लावून, उन्हात दारं उघडी ठेवून तो सुकत नाही, कारण हवा तिथपर्यंत पोचतच नाही. मी एक कोपरा मुठीत पिळला तर मनगटापर्यंत पाणी ओघळलं. खालच्या पत्र्यावर पाण्याचं तळं आणि काही जोडांवर गंजाचे तांबूस ठिपके. उंबऱ्याच्या कडेने वायरिंगचा जाडजूड जुडगा गेलेला, तोही ओला. पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमने आणि जुन्या टॉवेलांनी पाणी काढलं, फोमखाली लाकडाचे ठोकळे सरकवून तो अधांतरी ठेवला आणि पंखा थेट खालच्या पोकळीत सोडला. तळ पूर्ण कोरडा झाल्याखेरीज गळती शोधण्यात अर्थ नाही. आधीच ओल्या जागेत नवा थेंब दिसणार कसा?

शोधताना एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाणी सोडायचं. प्रेशर वॉशर नको. त्याच्या जोराने चांगल्या बीडिंगमधूनही पाणी आत जातं आणि आपण भलत्याच जागी अडकतो. साधी पाइपची धार, आणि सुरुवात खालून. आधी दरवाजाचा खालचा भाग, मग काचेची कड, मग छत. एका जागी काही मिनिटं धार धरायची, आत काही आलं नाही तर वर सरकायचं. आधी छतावर पाणी ओतलं की ते सगळीकडून वाहत येतं आणि काहीच कळत नाही.

तरी त्याआधी दोन गोष्टी उरकून घेतल्या. बॉनेट उघडून वायपरखालची जाळी पाहिली. तिथे पानं कुजून निचऱ्याची भोकं बुजली की पाणी ब्लोअरच्या तोंडातून आत येतं. थोडा कचरा होता, पण पाणी ओतल्याबरोबर खाली गेलं. मग सनरूफ. त्याच्या चौकटीच्या कोपऱ्यांत निचऱ्याच्या नळ्या असतात. प्रत्येक कोपऱ्यात कपभर पाणी ओतलं आणि ते चाकांजवळ बाहेर पडताना पाहिलं. ती नळी तुंबली असती तर जाड नायलॉनची दोरी हलकेच घालून मोकळी केली असती. कॉम्प्रेसरची हवा तिथे मारू नये, छताच्या आत नळी जोडातून निसटते आणि मग सगळं छत उतरवावं लागतं.

मागच्या दरवाजावर भरपूर पाणी सोडलं. आत टिपूसही नाही. पुढच्या डाव्या दरवाजाच्या काचेवर धार धरली आणि थोड्या वेळाने आतून हाक आली. दरवाजाच्या आतल्या पॅडच्या खालच्या कडेवर थेंब धरत होता, फुगत होता, उंबऱ्यावर टपकत होता, तेही बीडिंगच्या आतल्या बाजूला. तिथून तो पट्टीखाली शिरून वायरिंगच्या खाचेतून सरळ मागे जात होता. म्हणून पुढचं कार्पेट कोरडं आणि मागे तळं. बीडिंग बदललं असतं तर शून्य फरक पडला असता.

काचेवरून पाणी दरवाजाच्या पोकळीत जाणं हे मुळात ठरलेलंच असतं. काचेच्या बाहेरची रबरी पट्टी ते पूर्ण अडवत नाही. आत गेलेलं पाणी दरवाजाच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं, आणि ते पॅडकडे येऊ नये म्हणून पत्र्यावर एक प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. पॅड काढलं तर तो पडदा खालच्या बाजूने लोंबत होता आणि कडेला खाकी पॅकिंग टेप. पूर्वी पॉवर विंडोची मोटर बदलताना कोणीतरी पडदा फाडून काढला होता आणि जाता जाता टेप लावून मोकळा झाला होता. तळाची दोन भोकंही चिखलाने बंद होती, त्यामुळे पाणी दरवाजात साचून पातळी वर चढत होती. दरवाजा उघडताना कधीकधी खळखळ ऐकू यायची, तिचा उलगडा तेव्हा झाला.

दुरुस्ती त्या मानाने किरकोळ. भोकं प्लॅस्टिकच्या केबल-टायने मोकळी केली. पत्र्यावरचा जुना चिकटा खरवडून स्पिरिटने पुसला, कारण धुळीवर काहीच टिकत नाही. मग ब्युटाइलची, म्हणजे चिकट रबराची काळी दोरी कडेने सलग लावली आणि पडदा बोटाने दाबत बसवला. खालची कड दरवाजाच्या आतल्या खाचेत जायला हवी, म्हणजे पडद्यावरून उतरलेलं पाणी पुन्हा पोकळीतच पडतं. पॅड लगेच लावलं नाही. परत धार धरली, पडद्यामागून पाणी उतरताना दिसत होतं, अलीकडची बाजू कोरडी. तेव्हाच पॅडच्या क्लिपा ठोकल्या; तुटलेल्या नव्या घातल्या, नाहीतर पॅड खडखडतं.

फोम सुकायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला. गंजाचे ठिपके घासून त्यांवर प्रायमर मारला, कनेक्टर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर फवारला, केबिन फिल्टर बदलला. कार्पेट बसवताना फोमखाली वर्तमानपत्राचे कागद पसरले आणि पुढचे काही जोरदार पाऊस होईपर्यंत उंबऱ्याची पट्टी नुसती टेकवून ठेवली, म्हणजे हात घालून कागद ओढून बघता येईल. कागद कोरडेच निघाले. मग पट्टी दाबून बसवली. गाडी धुताना आता चारही दरवाजांच्या तळाच्या भोकांत केबल-टाय फिरवतो.