दोन महिने खणात पडलेली बाटली

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी शौचाचा नमुना घ्यायचं किट हातात आलं आणि मी ते टेबलाच्या खणात सरकवलं. दोन महिने तिथेच. पोट रोज साफ होत होतं, वजन जागच्या जागी, मग उगाच घाण कशाला चिवडायची, हा माझा मुद्दा. बायको म्हणाली, "त्रास झाल्यावर करतात त्या तपासण्या वेगळ्या. ही त्रास नसतानाच करायची." बोलणं बरोबर होतं, म्हणून आणखीच राग आला. माझं वय ५१. कित्येक देशांत ही तपासणी पन्नाशीला सुरू होते. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी तर २०२१ मध्ये हे वय ४५ वर आणलं.

प्रत्यक्ष काम पाच मिनिटांचं. अडचण एकच, नमुना कमोडमधल्या पाण्याला लागता कामा नये. मी बैठकीखाली कागद ताणून चिकटवला. तो ऐन वेळी फाटला. दुसऱ्या दिवशी आइस्क्रीमचा रिकामा डबा कामी आला. बाटलीच्या झाकणालाच खाचा असलेली कांडी असते. ती शौचावर चार-पाच ठिकाणी फिरवायची आणि खाचा भरल्या की थांबायचं. जास्त घेतलं तर रिपोर्ट पक्का येईल असं मला वाटत होतं, पण त्याने उलट मोजमाप बिघडतं. वर तारीख लिहून बाटली लगेच पोचती करायची, कारण उष्णतेने रक्तातलं प्रथिन विघटित होतं आणि असलेलं रक्तही मग सापडत नाही.

या तपासणीला 'फिट' म्हणतात. डोळ्यांना न दिसणारं, फक्त माणसाचंच रक्त ती पकडते, त्यामुळे आधी कसलं पथ्य नाही. जुन्या पद्धतीच्या तपासणीआधी लाल मांस बंद ठेवावं लागे.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. रात्रभर मी मनाशी घोकत होतो की हे मूळव्याधीचंच रक्त असणार. सकाळी डॉक्टरांना म्हटलं, "पुन्हा एकदा करून बघूया का?" मला वाटतं, सगळ्यात मोठी चूक इथेच होऊ शकली असती. ते म्हणाले, "आतड्यातला पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर वाढलेला कोंब, रोज रक्त गाळत बसत नाही. दुसरी टेस्ट निगेटिव्ह आली तरी पहिली खोटी ठरत नाही, फक्त तुम्ही निवांत व्हाल. आता कोलोनोस्कोपीच, कॅमेऱ्याच्या नळीने आतडं आतून बघायचं." पॉझिटिव्ह आलेल्या बहुतेकांना कॅन्सर नसतो, हेही त्यांनी सांगितलं. मला त्यातला 'बहुतेक' एवढाच शब्द ऐकू आला.

कोलोनोस्कोपीपेक्षा आदली रात्र वाईट. आतडं धुऊन काढणारं औषध लिटरच्या हिशेबात प्यायचं, निम्मं रात्री, निम्मं पहाटे. खारट, बुळबुळीत. थंड करून स्ट्रॉने ओढलं तर निभतं. संडासापासून दहा पावलांपलीकडे जायचं धाडस करू नये. तपासणीचं मात्र काहीच आठवत नाही, गुंगीचं इंजेक्शन दिलं होतं. सोबतीला कुणीतरी हवंच, त्या दिवशी गाडी चालवता येत नाही.

दोन पॉलिप निघाले. मोठा १२ मिलिमीटरचा. तारेच्या फासाने तिथल्या तिथे कापून काढले, दुखलं काहीच नाही. बायोप्सीत आलं, अडेनोमा. म्हणजे कॅन्सर नाही, पण आत तसाच राहिला असता तर काही वर्षांनी होऊ शकला असता. पुढची कोलोनोस्कोपी तीन वर्षांनी.

निघताना डॉक्टरांनी विचारलं, सख्खी भावंडं किती? इतका मोठा अडेनोमा निघाला की त्यांचाही धोका वाढलेला धरतात, त्यांनी शौचाच्या तपासणीवर न थांबता थेट कोलोनोस्कोपीबद्दल विचारावं. संध्याकाळी धाकट्या भावाला फोन लावून सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, ते औषध नक्की किती लिटर?"