दहा-बारा माणसांचं बेट

मे महिन्यात नागपूर 45 डिग्रीला टेकलं अन् कूलरची खस बदलायला माणूस काही येत नाही, तेव्हा मला हमखास तोर्चेल्लो आठवते. व्हेनिसजवळच्या लगूनमधलं बेट. लगून म्हणजे समुद्राचं पाणी आत शिरून झालेलं उथळ खारं तळं, दिसायला आपल्या गांधीसागरासारखं शांत, फक्त याला भरती-ओहोटी असते अन् हे शेकडो चौरस किलोमीटर पसरलेलं आहे.

मुळात ते कोणाच्या यादीतच नव्हतं. आमच्या ग्रुपला व्हेनिस पाहायचं होतं, शेजारच्या बुरानो बेटावरची रंगीत घरं अन् लेस पाहायची होती, अन् तोर्चेल्लो म्हणजे बोट तिथून पाच मिनिटांवर जाते तर जाऊन येऊ, एवढंच. आम्ही सत्तावीस जण उतरलो. तिथे कायम राहणारी माणसं दहा-बारा, म्हणजे तासाभरासाठी बेटावर बहुमत आमचंच होतं, अन् मागून चिवड्याचं पाकीट फोडल्याचा आवाज आला तेव्हा तर खात्रीच पटली.

धक्क्यापासून कालव्याच्या काठाने विटांची वाट जाते. दहा मिनिटं चालायचं, बस्स. वाटेत सैतानाचा पूल लागतो, त्याला कठडाच नाही. आत्या माझा हात धरून मधोमध चालली अन् म्हणाली, "इकडे कोणी कॉन्ट्रॅक्टर नाही का गं?"

आता इथे शांतता आहे, पण एकेकाळी इथे हजारो लोक राहायचे. 452 मध्ये अटिलाच्या हूणांनी काठावरचं अल्तिनो शहर लुटलं, पुढे लोंबार्ड टोळ्या आल्या, तशी तिथली माणसं हळूहळू पाण्यात सरकली, कारण घोडेस्वाराला चिखलात काही करता येत नाही. इथल्या चर्चचा शिलालेख 639 चा आहे. तेव्हा आजचं व्हेनिस नावाला पण नव्हतं! दहाव्या शतकात बायझंटाइन बादशहाने तोर्चेल्लोची नोंद मोठी बाजारपेठ म्हणून केली, म्हणजे त्या काळची इतवारीच समजा.

गवतात एक दगडी खुर्ची आहे, तिला अटिलाचं सिंहासन म्हणतात. अटिला या बेटावर कधी आलाच नाही, ती बहुतेक बिशपची नाहीतर न्यायाधीशाची असावी, पण फोटोला रांग. हसू नका, आपल्याकडे तरी काय, एक डोंगर दाखवा जिथे पांडव राहून गेले नाहीत.

चर्चच्या खिडक्यांना दगडाची झडपं आहेत. लाकूड नाही, अख्खा दगड, दगडाच्याच बिजागरीवर फिरणारा. आत एका टोकाला सोनेरी भिंतीवर निळ्या वस्त्रातली मेरी, बाळ येशूला घेऊन उभी, अन् तिच्या समोरची अख्खी भिंत म्हणजे अंतिम न्यायाचं, म्हणजे देव शेवटी सगळ्यांच्या पापपुण्याचा निवाडा करतो त्याचं मोझॅक, बारीक रंगीत तुकडे जडवून केलेलं चित्र. त्यात मासे अन् जंगली जनावरं गिळलेल्या माणसांचे हातपाय परत ओकून राहिलेत, अन् खाली मत्सर करणाऱ्यांच्या कवट्यांच्या डोळ्यांतून साप निघून राहिलेत. आत्या मान वर करून बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, "हा तर यमपुरीचा पट आहे गं, लहानपणी जत्रेत असाच पाहिला होता, पापड चोरणाऱ्याला कढईत टाकलेला." पापडाचं मी काही बोलली नाही.

बरं, एवढं गाव गेलं कुठे? कोणी जिंकलं नाही, जाळलं नाही. गाळ आला. नद्यांनी आणून टाकलेल्या गाळाने कालवे बुजले, जहाजं येईनाशी झाली, खाऱ्या पाण्यात गोडं मिसळून दलदल झाली अन् तिथे डास. मलेरिया हा शब्द इटालियनच, अर्थ खराब हवा, बिचाऱ्यांना वाटायचं हवाच वाईट आहे. पुढे व्हेनिसने नद्यांची तोंडंच वळवली, पण तोपर्यंत इथली माणसं निघून गेली होती. अन् मग व्हेनिसला बांधकामाला दगड पाहिजे होता. तो आयता इथे पडला होता. घरं, चर्चं उचकटून विटा-दगड होड्यांत भरून नेले. शेजाऱ्यांनीच.

खुर्चीच्या आजूबाजूला तुटक्या खांबांचे तुकडे गवतात मांडून ठेवलेत, म्युझियमवाल्यांनी. बाकी सगळे फोटोला गेले अन् आत्या तिथेच थांबली, एका तुकड्यावर हात ठेवून.

"आपले खांब पण असेच अंगणात पडले होते नं," ती म्हणाली, "गाडी येईपर्यंत."

नागपुरात महाल भागातला आमचा वाडा पाडला तेव्हाची गोष्ट. छत आधी उतरवलं, मग दारं, मग माजघरातले सागवानाचे खांब, अन् ते आठवडाभर अंगणात आडवे पडून होते, आम्ही पोरं त्यावर घोडा घोडा खेळायचो. आत्या तेव्हा सासरहून आली होती. कोणाला काही बोलली नव्हती. आज विचारलं.

"कोणी नेले गं ते?"

मला माहीत नव्हतं. तिकडून बोटीचा भोंगा वाजला, ग्रुप लीडर हात हलवून राहिला होता, आम्ही निघालो, पुलावर तिने परत माझा हात धरला.

घरी आल्यावर बाबांची जुनी डायरी काढली. नाव नाहीच लिहिलेलं. नुसतं, सागवान खांब बारा, पैकी दोन किडलेले, अन् पुढे घनफुटाचा भाव.