काउंटरवर राहिलेली १६ एमएम

नाशकात शालिमारच्या बाजूला माझा गाळा आहे. कॅमेरे भाड्यानं देतो, जुन्या बॉड्या आणि लेन्स घेतो-विकतो, सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी चिप, साफ करून देतो. बारा वर्षं झाली. बाहेरच्यांना वाटतं दिवसभर कॅमेरे हाताळायला मिळतात म्हणजे मजाच, पण लग्नसराईत निम्मा वेळ हळद काढण्यात जातो. हळदीच्या कार्यक्रमातनं आलेली बॉडी उघडली की माउंटच्या, म्हणजे लेन्स बसते त्या तोंडाच्या, कडेनं पिवळी रेघ दिसते, कोरडी असेल तर ब्लोअरनं उडते पण तेलाची असेल तर सेन्सरवर पापुद्र्यासारखी पसरते, मग स्वॅब, म्हणजे सेन्सर पुसायची मऊ कांडी. फुल फ्रेमला, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या बॉडीला, २४ एमएम रुंदीचा, क्रॉपला, म्हणजे लहान सेन्सरच्या बॉडीला, १६चा. एका दिशेनं एकदाच ओढायचा, परत फिरवायचा नाही, हात उचलायचा आणि दुसऱ्या बाजूनं परत एकदाच. हे काम मी कोणाला करू देत नाही. आणि आपले बरेच लग्नवाले मांडवात, वर पेपर ब्लास्ट उडत असताना, बॉडीचं तोंड वर करून लेन्स बदलतात. दहा-दहा वर्षं धंद्यात असलेले लोक. मला याचा खरंच राग येतो.

असो. सांगायचंय ते दिंडोरीकडच्या एका मुलाबद्दल. घरची द्राक्षबाग, वय चोवीस-पंचवीस असेल. सोनीची ए६४०० आणि तिच्यावर सिग्माची १६ एमएम एफ १.४ लेन्स, दोन्ही त्यानं माझ्याकडूनच घेतलेलं. लग्न-बिग्न करत नाही, नुसते डोंगर, धरणं आणि रात्रीचं आकाश. हरिहरच्या पायऱ्या हा मुलगा काळोखात चढून वर पहाटेची वाट बघत बसलेला आहे. फेब्रुवारीत एक दिवस आला आणि म्हणाला दादा, हे सगळं एक्स्चेंजला घ्या, मला ती सोनीची फुल फ्रेम ए७-३ हवीय. माझ्याकडं एक वापरलेली ए७-३ होती, २४-१०५ एफ ४ लेन्ससकट. शटर काउंट, म्हणजे आतापर्यंत काढलेल्या फोटोंचा आकडा, कमी, सेन्सर स्वच्छ, चांगला पीस. मी काही न बोलता पावती फाडली असती तर त्या दिवशीचा सगळ्यात चांगला सौदा झाला असता.

पण मी त्याला विचारलं, कशासाठी पाहिजे? तर म्हणे आकाशगंगेसाठी, क्रॉपवर रात्री नॉइज, म्हणजे फोटोत रवाळपणा, येतो, सगळे सांगतात नाइटला फुल फ्रेमच पाहिजे. हे 'सगळे' म्हणजे व्हिडिओवाले. ते खोटं बोलत नाहीत पण अर्धंच बोलतात, आणि त्या अर्ध्यावर पोरं घरात भांडून पैसे आणतात.

त्याला म्हणलं, बघ. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४, तुझा साडेतेवीस बाय साडेपंधराच्या आसपास. क्षेत्रफळ सव्वादोन पट. म्हणजे तीच फ्रेम, तोच एफ नंबर, तेवढाच वेळ धरला तर फुल फ्रेमला सव्वादोन पट उजेड मिळणार, सव्वा स्टॉपच्या जवळपास, एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट. हा फायदा खरा आहे, मी नाकारत नाही. पण तू नुसती बॉडी नाही बदलत, तू एफ १.४ देऊन एफ ४ घेतोयस, आणि हा आकडा जितका मोठा तितकं लेन्सचं भोक लहान. तुझी १६ क्रॉपवर २४सारखी दिसते, बरोबर? आता १६ला १.४नं भाग, ११.४. म्हणजे लेन्सच्या आतलं भोक साधारण ११.४ एमएमचं. आणि २४ला ४नं भाग, ६. ताऱ्याचा उजेड त्या भोकातनं आत येतो. ११.४चं भोक सोडून ६चं घ्यायचं म्हणजे साडेतीन पटीहून जास्त उजेड घालवायचा, मागं सेन्सर कितीही मोठा असू दे.

त्यानं ऐकलं, मान हलवली, आणि पटलं नाही हे तोंडावर दिसत होतं. मग म्हणलं महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी अमावास्या आहे, दोन्ही घेऊन वैतरणा धरणावर जाऊ, बघ आणि मग ठरव. भाडं नको.

महाशिवरात्रीला त्र्यंबकच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, म्हणून दुसऱ्या दिवशी आणि घोटीवरनं गेलो. रात्री अकराला पाण्याजवळ. त्या दिवसांत आकाशगंगेचा मधला भाग, वृश्चिक-धनूकडचा, पावणेतीनच्या सुमाराला उगवायला लागतो, पण क्षितिजावरच्या धुरकटातनं वर यायला चार तरी वाजतात, आणि साडेपाचनंतर उजाडायला सुरुवात. म्हणजे अख्ख्या रात्रीत कामाचा दीड तास. आग्नेयेला घोटी-इगतपुरीचा पिवळा उजेड असतोच, तो टाळता येत नाही, फ्रेम थोडी उचलून घ्यायची.

थंडी चांगली होती आणि धरणाकाठी दव इतकं पडतं की तीन वाजता ट्रायपॉडच्या पायांवरनं पाणी ओघळत होतं. दव हा रात्रीच्या फोटोतला खरा शत्रू, पण त्यावर कोणी खर्च करत नाही. दीड लाखाचा कॅमेरा असतो आणि लेन्सला गुंडाळायची हीटरची पट्टी नसते. पॉवर बँकेवर चालणारी साधी पट्टी, ती नसली की समोरची काच नकळत धुरकटते, स्क्रीनवर तारे जरा मऊ दिसतात, आपल्याला वाटतं फोकस गेला, आणि ती रात्र वाया. माझ्याकडं दोन पट्ट्या होत्या, दोन्ही लेन्सना लावल्या. त्याच्या ए६४००ची छोटी बॅटरी थंडीत पावणेचारलाच संपली, ए७-३ची मोठी बॅटरी अर्धीसुद्धा उतरली नव्हती. ते फुल फ्रेमवाल्या बॉडीच्या बाजूनं लिहायलाच पाहिजे.

दोन ट्रायपॉड शेजारी शेजारी. दोन्हीकडं १५ सेकंद. ५००ला लेन्सच्या एमएमनं भागायचं, या ५००च्या नियमानं २४ला वीस सेकंद चालतात म्हणतात, पण २४ मेगापिक्सेलवर वीसला तारे लांबट दिसतात, मी पंधराच्या वर जात नाही. क्रॉपवर १.४, आयएसओ, म्हणजे फोटो उजळ करायचा आकडा, १६००. फुल फ्रेमवर एफ ४, आणि तेवढाच उजळ फोटो यायला आयएसओ १२८००. तीन स्टॉप. सेन्सरचा सव्वा स्टॉप त्यातनं वजा केला तरी पावणेदोन स्टॉपचा तोटा राहतोच.

दोन्ही फोटो त्यानं स्क्रीनवर मोठे करून बघितले. फुल फ्रेमवाल्यात पलीकडच्या डोंगराच्या जागी नुसती रंगीत रवाळ होती. क्रॉपमध्ये डोंगराची धार दिसत होती, पाण्यात वृश्चिकाचा तांबडा तारा, ज्येष्ठा, ठिपक्यासारखा पडलेला. तो काहीच बोलेना. मग म्हणाला, "मग फुल फ्रेम म्हणजे नुसतं नाव का दादा?"

आता इथं मी जे केलं त्यावर मी अजून विचार करतोय. माझ्या बॅगेत भाड्याची २४ एमएम एफ १.४ होती, मोठ्या सेन्सरची. मला वाटलं परीक्षा घ्यायची तर पूर्ण घ्यावी, नाहीतर हा पोरगा जन्मभर समजेल की सेन्सरला काही अर्थच नाही, आणि तेही खोटं. काढली, ए७-३ला लावली, तेच १५ सेकंद, तेच १६००. पट्टी शिल्लक नव्हती म्हणून प्रत्येक फ्रेमच्या आधी काच पुसत होतो. आणि तो फोटो स्क्रीनवर आला तेव्हा मी सुद्धा वाकलो. पाणी काळं म्हणजे खरंच काळं, गुळगुळीत. डोंगरावरची झाडं झाडांसारखी. आकाशगंगेतले काळे पट्टे चाकूनं कापल्यासारखे. १७ एमएमचं भोक, तो फरक दिसणारच.

त्याला मी लगेच सांगितलं की ही लेन्स नवी लाखाच्या पुढं जाते, आणि तुझ्या क्रॉपवर तीनच फ्रेम काढून एकावर एक रचल्या तरी सेन्सरचा हा फायदा भरून निघतो. रचायचं सॉफ्टवेअर, सिक्वेटर, फुकट मिळतं, दहा-बारा फ्रेम घेतल्या तर याच्याही पुढं जाशील. तो ऐकत होता पण बघत त्या स्क्रीनकडंच होता. सकाळी उजाडल्यावर एफ ८, आयएसओ १००ला दोन्हीवर धरणाचे फोटो काढले, तेव्हा त्याचं अर्धं लक्ष नव्हतं.

आठवड्यानं १२ बाय १८चे प्रिंट काढून आणले आणि मागं पेन्सिलीनं खुणा केल्या. तो वडिलांना घेऊन आला. काकांनी प्रिंट काउंटरवर मांडले, चष्मा वर केला आणि माल बघतात तसे तिरपे धरून बघितले. सकाळच्या जोडीत त्यांना फरक सापडला नाही, मलाही खूण बघितल्याशिवाय सांगता आलं नसतं. रात्रीच्यात त्यांनी एफ ४वाला पहिल्याच नजरेत बाजूला टाकला. मी त्यांना भोकाचं गणित सांगायला लागलो तर त्यांनी खिशातनं द्राक्षाचे मणी मोजायची पट्टी काढली, वेगवेगळ्या एमएमची भोकं असलेली. काढणीचे दिवस, खिशातच होती. त्यावर बोट ठेवून म्हणाले, "६ एमएमचा मणी म्हणजे डिपिंगच्या, घड औषधात बुडवायच्या, वेळचा. भाऊ, तो तोडून कोणी बाजारात नेतं का?" इतक्या वर्षांत कोणत्याही फोटोग्राफरला मी ॲपर्चर इतकं पटकन समजावू शकलेलो नाही.

तरीही मुलानं ए७-३च घेतली. २४-१०५ सकट. त्याचं म्हणणं, बॉडी आत्ता घेतो, पुढच्या हंगामाला ती १.४ घेतो. विचार चुकीचा नव्हता, पैसे असतील तर मीही हेच सांगितलं असतं. वरचे पैसे कमी पडत होते म्हणून ए६४०० आणि १६ एमएम दोन्ही एक्स्चेंजला दिलं. त्या वेळी दुकानात तिघं डिलिव्हरीला उभे, फोन वाजतोय, दुसऱ्या दिवशीच्या लग्नाला एकाला जिंबल पाहिजे. मी सिरियल नंबर लिहिले, लेन्सच्या काचेत टॉर्च मारून बुरशी बघितली, नव्हती, पावती केली. काका जाताना थॉमसन द्राक्षांची पेटी ठेवून गेले.

मार्चमध्येच त्यांच्या शिवारात गारा पडल्या. निम्मी बाग काढायची बाकी होती. पुढच्या हंगामाची ती लेन्स आता कधी ते त्याला मी विचारलेलं नाही.

आणि गेल्या आठवड्यात पावसाळ्याआधीची आवराआवर करताना ड्राय कॅबिनेटच्या दुसऱ्या कप्प्यात ती १६ एमएम हाताला लागली. बसल्या जागी मला घाम फुटला. ए७-३ला क्रॉप मोड असतो. ही लेन्स तिच्यावर बसते, माउंट एकच. सेन्सरचा मधला भाग वापरला जातो, १० मेगापिक्सेल मिळतात, १२ बाय १८ प्रिंटला ते भरपूर झाले. म्हणजे त्यानं फक्त ए६४०० द्यायची आणि ही लेन्स ठेवायची, एवढंच करायचं होतं. २४-१०५च्या एफ ४पेक्षा रात्री ती कितीतरी बरी पडली असती, आणि दिवसा मोठा सेन्सर होताच. मला हे माहीत नव्हतं असं नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकांना मी हे सांगितलेलं आहे. एफ ४नं काय होतं हे ज्याला रात्रभर जागून मीच दाखवलं, त्यालाच सांगायचं राहिलं. गर्दी होती हे खरंय, पण दोन वाक्यांचं काम होतं.

फोन केला. आधी म्हणाला बरं चाललंय दादा, मग म्हणाला रात्रीचे काढणं सोडलंय सध्या, मजा येत नाही, चिखल येतो. मी त्याला क्रॉप मोडचं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प. मग विचारलं, "हे तेव्हा माहीत नव्हतं का तुम्हाला?"

म्हणलं, माहीत होतं.

लेन्स घेऊन जा म्हणलं, पैसे ऑक्टोबर छाटणीनंतर दे, नाहीतर देऊ नको, मी ज्या भावात घेतली त्याच भावात. तो "बघतो" म्हणाला. पावसाळ्याआधीची ही शेवटची अमावास्या, नंतर ऑक्टोबरपर्यंत ढगच. परवा एका कॉलेजच्या पोरीनं हीच लेन्स मागितली, तिला बुक आहे म्हणून सांगितलं. पाऊचमध्ये घालून काउंटरच्या खालच्या खणात ठेवलीय, सोबत दवाची एक पट्टी. अमावास्येला अजून नऊ दिवस आहेत.