सावकाश म्हणजे किती?

पार्सल डिलिव्हरीच्या व्हॅनवर ड्रायव्हरच्या नोकरीसाठी गेले होते, त्या पहिल्या इंटरव्ह्यूत मला विचारलं, सेफ्टीसाठी तुम्ही काय करता, आणि मी लगेच म्हणाले, मी गाडी सावकाश चालवते. समोरच्या मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि शांतपणे विचारलं, सावकाश म्हणजे किती? मला काहीच सांगता आलं नाही. नऊ वर्षं गाडी चालवतेय, एकदाही कुणाला धक्का लागलेला नाही, आणि तरी त्या एका प्रश्नावर तोंड कोरडं पडलं. पुढचे दहा मिनिटं काय बोलले ते मला नीट आठवतही नाही. ती नोकरी मिळाली नाही.

घरी येऊन दादाला फोन केला. दादा बारा वर्षं पार्सलची व्हॅन चालवतोय, त्यामुळे मला वाटलं तो धीर देईल, पण तो म्हणाला, "अगं, तुला गाडी चालवता येते, गाडीबद्दल बोलता येत नाही. ही दोन वेगळी कामं आहेत, दुसऱ्याची तयारी तू केलीच नाहीस." आणि ते खरं होतं. मी काय तयारी केली होती तर व्हिडिओ बघून उत्तरं पाठ केली होती, मी मेहनती आहे, मी वेळ पाळते, मला लोकांशी बोलायला आवडतं वगैरे. हे तर प्रत्येकजणच सांगतो ना. म्हणून पुढचे दोन आठवडे मी एकच केलं, हाताला जे येतं ते तोंडाने बोलायला शिकले. जे कुणी या कामाच्या इंटरव्ह्यूला जाणार आहेत त्यांच्यासाठी लिहितेय, कारण मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर खूप बरं झालं असतं.

सुरुवात त्या अडलेल्या प्रश्नापासूनच केली. ताशी ५० किलोमीटर वेगाला गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते. म्हणजे पुढचा पत्ता बघायला दोन सेकंद फोनकडे बघितलं तर २८ मीटर गाडी आपण डोळे मिटून चालवल्यासारखीच झाली. हा हिशोब मी कागदावर केला तेव्हा खरंच पोटात गोळा आला, कारण दोन सेकंद तर मी कितीदा बघितलं असेल. दुसरं म्हणजे वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. आणि पुढच्या गाडीपासून अंतर किती ठेवायचं तर कोरड्या रस्त्यावर कमीत कमी दोन सेकंदांचं, पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मोजायला लागायचं, मोजून व्हायच्या आत आपण खांबाशी पोचलो तर आपण फार जवळ आहोत. पाऊस असला की चार सेकंद, आणि व्हॅन भरलेली असेल तर अजून थोडं जास्त. आता कुणी सावकाश म्हणजे किती विचारलं तर माझ्याकडे उत्तर आहे, आणि मुख्य म्हणजे मी आता रोज तसंच चालवते.

दादाने अजून एक सांगितलं, त्यांच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं. अमेरिकेत हॅरॉल्ड स्मिथ म्हणून एकांनी १९५२ साली ड्रायव्हर लोकांसाठी पाच सवयी ठरवून दिल्या, त्या अजूनही मोठमोठ्या डिलिव्हरी कंपन्यांत शिकवतात. नजर लांब ठेवा, आजूबाजूचं सगळं चित्र बघा, डोळे एका जागी खिळवू नका, निसटायला जागा ठेवा, आणि समोरच्याने तुम्हाला बघितलंय याची खात्री करा. मी पाचही पाठ केल्या होत्या तर दादा म्हणाला, पाठ करून उपयोग नाही, प्रत्येकीला तुझी एक गोष्ट जोड. मग मी आठवत बसले. शेवटचीला जोडायला लगेच सापडली, एकदा गल्लीतून बाहेर पडताना एक सायकलवाला मुलगा येत होता, मी त्याला बघितलं होतं पण त्याचं लक्ष मागे मित्राकडे होतं, मी हॉर्न न वाजवता थांबून राहिले, त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं तेव्हाच गाडी पुढे घेतली. साधीच गोष्ट आहे, पण ती माझी आहे आणि कुणी उलट प्रश्न विचारला तरी मला सांगता येते.

मग गाडीची तपासणी. निघायच्या आधी गाडीत काय काय बघता हा प्रश्न बहुतेक विचारतातच, आणि खुर्चीत बसून आठवायला गेलं की निम्मं विसरतं. दादाने मला व्हॅनपाशी उभं केलं आणि म्हणाला, चल, एक फेरी मार आणि मोठ्याने बोलत जा. ड्रायव्हरच्या दारापासून सुरू केलं. आरसा, काच, पुढचे दिवे, इंडिकेटर, वायपरचं रबर फाटलंय का, गाडीखाली तेलाचा डाग आहे का, मग टायर. टायरच्या खाचेत त्याने मला बोट घालायला लावलं. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, मी नऊ वर्षांत कधी हात लावून बघितले नव्हते. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आला की संपला, तिथे खाच १.६ मिलिमीटरच उरलेली असते आणि बऱ्याच देशांत कायद्याची कमीत कमी मर्यादा तीच आहे. पुढे मागचे दिवे, मागचं दार नीट लागतंय का, आत सामान बांधायचे पट्टे. अशा सहा फेऱ्या मारल्या असतील, सहाव्या फेरीला न थांबता बोलता आलं. नंतर दुसऱ्या कंपनीच्या इंटरव्ह्यूत हाच प्रश्न आला तेव्हा मी मनातल्या मनात व्हॅनभोवती चालत गेले आणि जे दिसलं ते सांगत गेले, काही आठवावं लागलंच नाही.

लोडिंगसाठी घरातले बुटांचे रिकामे खोके घेतले, त्यावर एक ते वीस नंबर टाकले आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात भरले. शेवटचा स्टॉप सगळ्यात आधी आत, पहिला स्टॉप दाराशी, जड खाली, नाजूक वर, आणि लेबल आपल्याकडे तोंड करून. पहिल्यांदा भरले तेव्हा सात नंबरचा खोका काढायला चार खोके बाहेर काढावे लागले, तेव्हा कळलं की दिवसाला शंभरच्या वर स्टॉप असतील तर प्रत्येक स्टॉपला गेलेलं एक मिनिट म्हणजे दीड तासाच्या वर होतं. घाई करून गाडी पळवण्यापेक्षा वेळ इथे वाचतो. हे वाक्य मी इंटरव्ह्यूत जसंच्या तसं सांगितलं.

वजनाबद्दलही विचारतात. फक्त हो उचलेन म्हणू नका, कसं उचलाल ते सांगा. पाय थोडे फाकवून, गुडघ्यात वाकून, खोका अंगाशी धरून, आणि वळायचं असेल तर कंबर न पिळता पाय वळवायचे. अमेरिकेतल्या कामगार आरोग्याच्या सरकारी संस्थेने सगळं अगदी अनुकूल असतानाही उचलायच्या वजनाची मर्यादा २३ किलो धरलीय, जमिनीवरून किंवा वळून उचलायचं असेल तर त्याहून कमी. त्यामुळे जड पार्सलला ट्रॉली घेईन किंवा मदत मागेन असं सांगण्यात काही कमीपणा नाही. गाडीतून उतरताना उडी मारायची नाही, दोन हात एक पाय किंवा दोन पाय एक हात कायम टेकलेला पाहिजे. दादाच्या गुडघ्याची काय अवस्था झालीय ते मी बघितलंय, म्हणून हे लिहिताना मला अगदी पोटतिडकीने लिहावंसं वाटतंय.

आता अमुक झालं तर काय कराल हे प्रश्न. दादा एका संध्याकाळी समोर बसून एकामागून एक विचारत राहिला. घरी कुणी नाही आणि फोन उचलत नाहीत. पार्सल शेजाऱ्याकडे ठेवायला सांगतायत पण कंपनीचा नियम तसा नाही. खोका फाटलाय आणि आतलं काहीतरी खुळखुळतंय. कुत्रा मोकळा आहे. या सगळ्याला माझं उत्तर साधारण एकाच दिशेचं होतं, जे झालंय ते तसंच नोंदवायचं, फोटो काढायचा, सुपरवायझरला कळवायचं, स्वतःच्या मनाने नियम बनवायचे नाहीत. पण एका प्रश्नावर मी अडखळले. शिफ्ट संपत आलीय, वीस पार्सल राहिलीत, काय करशील? मी म्हणाले, थोडं भरभर उरकेन. दादा म्हणाला, इथेच लोक आधीच डिलिव्हर्डचं बटण दाबून ठेवतात. घरात बसून वाट बघणाऱ्या माणसाच्या फोनवर पार्सल मिळालं असा मेसेज येतो आणि दाराशी काहीच नसतं, त्यात कुणाचं औषधही असू शकतं. मला ते फार लागलं. त्यानंतर माझं उत्तर बदललं, मागे पडतेय हे दुपारीच लक्षात येतं, तेव्हाच ऑफिसला फोन करेन, म्हणजे त्यांना दुसरी गाडी पाठवता येईल किंवा कस्टमरला खरी वेळ सांगता येईल.

कागदांबद्दल थोडक्यात. लायसन त्या प्रकारच्या गाडीला चालतं का आणि कधी संपतंय ते आधीच बघा, झेरॉक्स घेऊन जा. पूर्वी दंड किंवा अपघात झाला असेल तर लपवू नका, ते रेकॉर्ड तपासतात, आणि आपण आधी सांगितलं तर त्यातून काय शिकलो ते सांगायची संधी मिळते.

या दुसऱ्या इंटरव्ह्यूत रोड टेस्टही होती, म्हणजे शेजारी बसून आपलं गाडी चालवणं बघतात. मला वाटायचं गाडी सुरू केल्यापासून बघतात, पण सीट आणि आरसे लावण्यापासूनच बघत होते. मागे घेताना मी थांबले, हँडब्रेक लावला, उतरून मागे जाऊन बघितलं आणि मग गाडी घेतली, कारण बंद व्हॅनच्या बरोबर मागचा भाग कुठल्याच आरशात दिसत नाही. यात अर्धं मिनिट गेलं असेल. शेजारी बसलेल्या सरांनी फक्त काहीतरी लिहून घेतलं, पण सगळ्या इंटरव्ह्यूत मला सगळ्यात जास्त बरं तेव्हा वाटलं.

आणि प्लीज, तुम्हीही प्रश्न विचारा. गाडी तुमची की कंपनीची, इंधन कोण भरणार, गाडीला ओरखडा आला तर पैसे कोणाच्या खिशातून, पगार तासावर की पार्सलवर, नोकरी की कंत्राट. गाडी स्वतःची असेल तर इन्शुरन्सचं नक्की विचारा, बऱ्याच ठिकाणी घरगुती वापराच्या पॉलिसीत पैसे घेऊन केलेली डिलिव्हरी धरत नाहीत, आणि हे अपघात झाल्यावर कळलं तर माणूस कर्जात जातो. मी सगळं वहीत लिहून नेलं होतं आणि वही उघडून विचारलं. त्यांना राग वगैरे काही आला नाही, उलट एकेक नीट समजावून सांगितलं.

काल फोन आला. पुढच्या आठवड्यात पहिले पाच दिवस एका जुन्या ड्रायव्हरबरोबर रूटवर जायचंय, नुसतं बघायला आणि पार्सल हातात द्यायला. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, बूट आत्ताच घे आणि घरात घालून फिर, पहिल्या दिवशी नवे बूट चावतात. तेव्हापासून घरभर बूट घालून फिरतेय.