खालच्या काकू आणि विल्यम्सबर्गचा पूल

शनिवार, रात्री

खालच्या काकू संध्याकाळी डिंकाचे चार लाडू घेऊन वर आल्या. डबा हातात, पण दारातून आत येईनात, तेव्हाच समजायला हवं होतं. लेक बाळंतपणाला आली आहे, आठवा लागलाय. लाडू आत्तापासूनच, डिंक नीट फुलतोय का ते बघायला. मग उंबऱ्याकडे बघत म्हणाल्या, "अगं, तुझी ती पिपाणी असते ना संध्याकाळी... तिला रात्रभर झोप नाही गं. संध्याकाळीच काय तो डोळा लागतो."

पिपाणीचं वाईट वाटलं नाही. दोन वर्षं सॅक्सोफोन शिकतेय, अजून कधीकधी पिपाणीच वाजते. वाईट याचं वाटलं, की हे बोलायचं त्यांनी किती दिवस टाळलं असेल.

सॅक्सोफोन हळू वाजवता येतो, पण ते यायला फार वर्षं लागतात. माझ्यासारखीनं हळू फुंकलं की खालचे स्वर निघतच नाहीत, निघाले तर घरघरतात. मुळात हे वाद्य घरात बसून वाजवायचं नाहीच. अडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिरानं १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि ते शिरलं फ्रेंच लष्कराच्या बॅन्डमध्ये. बोटं क्लॅरिनेटसारखी चालावीत आणि आवाज मैदानात पितळी वाद्यांच्या बरोबरीनं उठावा, असा त्याचा हिशेब. अंग पितळेचं, पण फुंकायच्या टोकाला बोरूसारख्या काडीची पातळ पट्टी, रीड. म्हणून जाणकार त्याला सनईच्या गोतात बसवतात, तुतारीच्या नाही.

ह्यांनी सुचवलं, कर्ण्यात मोजे कोंब. तो प्रयोग मी पहिल्याच महिन्यात केला होता. कर्ण्याच्या तोंडातून फक्त अगदी तळाचे एकदोन स्वर बाहेर पडतात, बाकीचे अंगावरच्या उघड्या छिद्रांतून निघतात. मोजे कोंबले की तळाचा स्वर बंद पडतो आणि काकूंना उरलेलं सगळं ऐकू येतच राहतं. दुसरा उपाय कपाटाचा. दार उघडायचं आणि साड्यांच्या रांगेत कर्णा खुपसून वाजवायचं. आवाज खरंच दबतो. पण डांबराच्या गोळ्यांच्या वासात पोटभर श्वास घेऊन बघा एकदा.

लाडू खाता खाता अमेरिकन जॅझवादक सनी रॉलिन्स आठवला. १९५९ साली तो एकोणतिशीत होता आणि टेनर सॅक्सोफोन म्हटलं की त्याचं नाव पहिल्या दोघा-तिघांत घेतलं जायचं. त्याला स्वतःला मात्र वाटत होतं, की नाव पुढे गेलंय आणि वाजवणं मागे राहिलंय. त्यानं कार्यक्रम थांबवले, रेकॉर्डिंग थांबवलं. राहायचा न्यूयॉर्कला, मॅनहॅटनच्या ग्रँड स्ट्रीटवर, लहानशा फ्लॅटमध्ये. शेजारची बाई गरोदर होती. तिला त्रास नको म्हणून तो सॅक्सोफोन घेऊन बाहेर पडला आणि विल्यम्सबर्गच्या पुलावर जाऊन पोचला. मोटारींचा गोंगाट, खडखडत जाणाऱ्या लोकल गाड्या, खाली ईस्ट रिव्हरमधल्या बोटींचे भोंगे. भोंग्यांना तो सॅक्सोफोननं उत्तरं द्यायचा. अशी दोन वर्षं, हिवाळ्यातसुद्धा, कधीकधी दिवसाचे पंधरा-पंधरा तास. १९६१ मध्ये एका लेखकाला तो तिथे सापडला, तेव्हा त्यानं लिहिताना वादकाचं नाव बदललं आणि पूलही बदलला. (आज कुणी असं करील? लोकेशनसकट व्हिडिओ टाकतील.)

जॅझवाले ही गोष्ट तपश्चर्येची म्हणून सांगतात. वाल्मीकीचं वारूळ आणि रॉलिन्सचा पूल. मीही तशीच ऐकली होती, तशीच दुसऱ्यांना सांगितलीही होती. काकू येऊन गेल्यावर ती शेजारधर्माची वाटायला लागली. त्या बाईचा उल्लेख सगळे एका वाक्यात उरकतात. तिला मूल झाल्यावर हा घरी परत का गेला नाही, ते मात्र कुणी विचारत नाही. बहुतेक तोवर त्याला पूलच घर वाटायला लागला असेल.

पुढे १९६०च्या दशकाच्या अखेरीस तो पुन्हा सगळं सोडून निघाला आणि आला कुठे, तर आपल्या पवईला, आश्रमात. १९७८च्या पहिल्या 'जॅझ यात्रा' महोत्सवात मुंबईला रंगभवनात वाजवूनही गेला. धोबी तलावाजवळचं ते उघड्यावरचं नाट्यगृह. आजूबाजूला कॉलेज, इस्पितळं. शांतता क्षेत्राचा नियम आला आणि तिथले कार्यक्रम थांबले. रीड घ्यायला त्या बाजूला गेले की मी मुद्दाम तिथून चक्कर मारते. उघड्यावरचं वाद्य, उघड्यावरची जागा, आणि तिथेही कुणीतरी झोपायचं असतंच.

रविवार, दुपारी

सहाला उठले. सॅक्सोफोनची पेटी पायांमध्ये धरून स्कूटरवरून खाडीवर, मोठागावच्या रेतीबंदराला गेले. ओहोटी होती. चिखलाचा वास असा, की डांबराच्या गोळ्या परवडल्या.

घरात मला माझा आवाज बरा वाटतो. फरशी, भिंती, बाथरूमचं दार, सगळे मिळून तो परत आणून देतात, वर थोडी भर घालून. खाडीवर फुंकलेला स्वर गेला तो गेलाच. कानाशी उरली रीडची खरखर आणि माझा अपुरा श्वास. दहा सेकंद स्वर धरायचा ठरवला तर सातव्याला थरथर. दोन वर्षांची फी आठवली.

मग दिवा-वसई मार्गावरून मालगाडी आली. आपण वाजवतोय हे माझं मलाच ऐकू येईना. खांदे आपोआप खाली आले, फुंकर पोटातून गेली. गाडी पुढे गेली तरी स्वर चालूच होता. किती सेकंद ते मोजायचं राहिलं.

गळ टाकून बसलेला एक जण बराच वेळ बघत होता. शेवटी आला. "लग्नाचं वाजवता काय?"

"नाही."

"मंग?"

या 'मंग'चं माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिकतेय म्हटलं.

"शिका, शिका. इथं कोन काय बोलत नाय."

घरी येऊन 'द ब्रिज' लावली, कमी आवाजात. पुलावरून परतल्यावर रॉलिन्सनं केलेली ही रेकॉर्ड, १९६२ची. पियानो नाही, त्या जागी जिम हॉलची गिटार. तेव्हा काहींनी विचारलं होतं, दोन वर्षांत बदललं काय? मला विचाराल तर त्याला कसली घाई उरलेली नाही. वाक्य संपल्यावर थांबतो, गिटारला बोलू देतो. अर्थात आज मी पक्षपाती आहे. याच माणसाला पुढे फुप्फुसांच्या आजारानं गाठलं. २०१२ नंतर त्याचा जाहीर कार्यक्रम झाला नाही, थोड्याच वर्षांत वाद्यच खाली ठेवावं लागलं. पंधरा तास पुलावरच्या वाऱ्यात फुंकणारी छाती. हे आठवलं आणि दुसरी बाजू लावली नाही.

सॅक्सोफोन आतून-बाहेरून पुसून ठेवलाय. खारी हवा छिद्रं झाकणाऱ्या पॅडना सोसते की नाही ते सरांना विचारायला हवं. काकूंचा डबा परत द्यायचाय, रिकामा कसा देणार म्हणून शेंगदाण्याची चटणी कुटली. तिखट झाली, लेकीला चालेल की नाही कोण जाणे. पुढच्या रविवारी सकाळी भरती असेल, वास तरी कमी येईल.